मीटर लावा, पण डॅशचा पत्रा कापू नका
(वाचकांचे प्रश्न : जुनी गाडी)

प्रश्न : नमस्कार काका. आमच्या घरी वडिलांनी घेतलेली 1978 ची प्रीमियर पद्मिनी आहे. ते गेल्यावर गाडी बरीच वर्षं वाड्यात उभी होती. यंदा इंजिन पूर्ण बांधून घेतलं, आता ती रस्त्यावर आली आहे. डॅशवर टेम्परेचरचा काटा आहे, पण तो असून नसल्यासारखा. ऑइल आणि चार्जिंगला नुसते लाल दिवे. मला ऑइल प्रेशर, टेम्परेचर आणि व्होल्ट असे तीन वेगळे मीटर लावायचे आहेत. मिस्त्री म्हणतात, डावीकडे ग्लोव्ह बॉक्सजवळ पत्र्याला तीन भोकं पाडू, शोभून दिसेल. धाकटा भाऊ म्हणतो, काचेच्या उजव्या खांबावर लावू. माझं जाणं-येणं केज ते बीड, कधी लातूर. मीटर नेमके कुठे लावू?
— एक वाचक, केज (जि. बीड)

उत्तर : आधी मिस्त्रींच्या हातातलं ड्रिल खाली ठेवायला सांगा. पत्र्याला 52 मिलिमीटरचं भोक पाडायला पाच मिनिटं लागतात, पण तेच भोक बुजवायचं म्हटलं की वेल्डिंगच्या आचेने पत्रा वळतो आणि रंगाचा ठिपका कायमचा दिसत राहतो. पद्मिनीचं उत्पादन थांबून दोन दशकं उलटून गेली. कुर्ल्याच्या कारखान्यात दाबलेला तो डॅश आता नव्याने कुणी दाबून देणार नाही. वडिलांनी वापरलेला डॅश आहे, तो तसाच राहू द्या.

यात एक व्यवहाराची गोष्टही आहे. जुलै 2021 मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत बदल होऊन व्हिंटेज गाड्यांची वेगळी नोंदणी सुरू झाली. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली आणि मूळ रूपात जपलेली गाडी त्यात बसते. तिला व्हीए मालिकेचा क्रमांक मिळतो, मात्र मग ती रोजच्या वापराला काढता येत नाही. नियमात चासी, बॉडी शेल आणि इंजिनातल्या फेरफाराचा उल्लेख आहे, डॅशचा नाही. तरी 2028 मध्ये तुमची गाडी पन्नाशीची होईल, तेव्हा ती जशी निघाली तशी असलेली बरी. नोंदणी करा किंवा करू नका, तो दरवाजा आजच कशाला बंद करायचा?

आता मूळ प्रश्न. मीटरची जागा बाहेर उभं राहून ठरवायची नसते. चालवणाऱ्याच्या सीटवर बसायचं, नेहमी बसता तसंच, आणि डोळे रस्त्यावर ठेवायचे. रस्त्यावरून नजर थोडी खाली आली की जे दिसतं, तिथे ऑइल प्रेशर आणि टेम्परेचर. व्होल्ट मीटर जरा लांब असला तरी चालतो. बॅटरी चार्ज होत नसेल तर दिवसाउजेडी गाडी बऱ्याचदा घरापर्यंत तरी येते. ऑइलचं प्रेशर गेलं तर तुमच्या हातात काही सेकंद असतात. नव्याने बांधलेल्या इंजिनात तर बेअरिंग गेलं म्हणजे सगळा खर्च पुन्हा पहिल्यापासून.

याच हिशेबाने ग्लोव्ह बॉक्सची जागा बाद होते. तिथला काटा बघायला मान वळवावी लागते आणि तिरकं बघितलं की काटा भलत्याच आकड्यावर दिसतो. मीटर ज्याला वाचायचा त्याच्यासमोर हवा, शेजारी बसणाऱ्यासमोर नाही.

भावाची सूचनाही मला मान्य नाही. जुन्या गाड्यांचे खांब बारीक असतात. उजव्या वळणावर समोरून येणारी मोटारसायकल त्यामुळेच वेळेत दिसते. मांजरसुंब्याच्या घाटात त्या बारीक खांबाला तीन डबे चिकटवले तर नेमकी मोटारसायकल दिसायची जागा झाकली जाईल. डॅशच्या वर, काचेखाली ठेवायचं कुणी सुचवलं तर तेही नको. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत तिथलं प्लॅस्टिक वाकतं आणि रात्री मीटरचे दिवे समोरच्या काचेत उमटतात. स्टिअरिंगच्या कॉलमवर पट्टा आवळून मीटर लावतात, पण पद्मिनीत गिअरची दांडी त्याच कॉलमवर आहे. तिची कडी मोकळी फिरली पाहिजे, म्हणून तिथे हात लावू नका.

मला पटलेली जागा डॅशच्या खालच्या कडेला, गाडीच्या मध्याजवळ आहे. दोन मिलिमीटर जाडीची ॲल्युमिनियमची पट्टी घ्या, तिला वरून काटकोनात घडी मारा आणि डॅशचे जे स्क्रू आधीपासून आहेत त्यांनाच ती धरा. नवं भोक एकही नाही. पट्टीचं तोंड किंचित वर आणि किंचित उजवीकडे, म्हणजे तुमच्याकडे वळलेलं ठेवा. सरळ लावलेला मीटर गुडघ्यांकडे बघत बसतो, आणि ही चूक गॅरेजमध्ये मला सगळ्यात जास्त दिसते. उजवीकडे, तुमच्या सगळ्यात जवळ, ऑइल प्रेशर, मग टेम्परेचर, शेवटी व्होल्ट. दोन मीटरच्या मध्यबिंदूंत 60 मिलिमीटर अंतर धरलं तर तीन मीटर बसतात. मागे नळी आणि वायरसाठी चार बोटं जागा सोडा. रेडिओ बंद पडून नुसती खिडकी उरली असेल तर त्याहून उत्तम. तीच पट्टी त्या खिडकीवर बसवा आणि जुना रेडिओ कापडात गुंडाळून कपाटात ठेवा, फेकू नका.

पण माझ्या सांगण्यावर पट्टी कापू नका. पुठ्ठ्याच्या 52 मिलिमीटरच्या तीन चकत्या कापा, त्यावर काटे काढा आणि ठरवलेल्या जागी चिकटपट्टीने लावा. सीटवर बसून क्लच पूर्ण दाबा, चारही गिअर आणि रिव्हर्स टाका. गुडघा किंवा मूठ चकतीला लागते का ते बघा. स्टिअरिंग सरळ असताना आणि अर्धं वळलेलं असताना, दोन्ही वेळा चकत्या दिसतात का तेही बघा. बरेचदा स्टिअरिंगचा आराच नेमका ऑइलच्या मीटरवर येतो. मग तशाच चकत्या लावून बीडला जाऊन या. येताना संध्याकाळ होऊ द्या. बीडहून केजकडे येताना मावळतीचं ऊन मागून येऊन सरळ डॅशवर पडतं, आणि मीटरची काच चमकली की काटा दिसत नाही. चमक नको असेल तर पट्टीचं तोंड अंशभर खाली करावं लागेल. पुठ्ठ्याच्या चकतीला काच नसते, म्हणून एखादा खरा मीटर सोबत धरून बघा. एवढी तसदी घेतलीत तर आयुष्यभर डोळ्यांना त्रास नाही.

आता मागच्या बाजूचं. ऑइल प्रेशर मीटर दोन प्रकारचे. एकात बारीक नळीतून खरं ऑइल डॅशपर्यंत येतं, दुसऱ्यात इंजिनवर सेंडर, म्हणजे प्रेशर ओळखून विजेने कळवणारा भाग, आणि तिथून फक्त वायर. नळीचा मीटर विश्वासाचा, वायरिंग बिघडलं तरी काटा खरं बोलतो. पण नळी फायरवॉलमधून, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या भिंतीतून, येते तिथे भोकाच्या कडेला रबरी ग्रोमेट (कडी) हवाच. नाहीतर पत्र्याची धार नळी कापते आणि तापलेलं ऑइल पायावर येतं. तांब्याची नळी असेल तर इंजिनजवळ तिला दोन वेटोळी द्या, थरथर त्यात जिरते. वायरचा मीटर घेतलात तर मीटर आणि सेंडर एकाच जोडीचे घ्या. एका कंपनीचा मीटर आणि दुसरीचा सेंडर लावून काटा खोटं दाखवतो म्हणून येणारे लोक दर हंगामात भेटतात. सेंडरला अर्थिंग त्याच्या आट्यांतूनच मिळतं, तेव्हा आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळू नका.

आणि जुना लाल दिवा काढू नका, ही माझी कळकळीची विनंती. पितळी टी (तीन तोंडांचा जोड) लावून दिव्याचा स्विच आणि नवा सेंडर दोन्ही ठेवा. सेंडर जड असतो, तो टीवर लोंबकळत ठेवला तर इंजिनच्या थरथरीने टीला तडा जातो. छोट्या होजने तो फायरवॉलवर घ्या आणि त्याला अर्थिंगची वेगळी वायर द्या. काटा सतत कुणी बघत नाही. दिवा पेटला की लक्ष जातंच.

शेवटचं काम दोन मिनिटांचं आहे. मीटर मागच्या क्लॅम्पमध्ये गोल फिरतो. इंजिन तापवा, नेहमीच्या वेगाला येऊ द्या आणि तिन्ही मीटर असे फिरवा की तिन्ही काटे सरळ वर बघतील. आकडे तिरके दिसतील, दिसू द्या. मग वाचायची गरज उरत नाही, एखादा काटा कलला की नजरेला खुपतो. शर्यतीच्या गाड्यांत हीच रीत आहे. व्होल्ट मीटर इग्निशननंतरच्या वायरवर, फ्यूज घालून जोडा. इंजिन बंद असताना चांगली बॅटरी 12.6 च्या आसपास दाखवते, चार्जिंग नीट असेल तर 13.8 ते 14.4. अल्टरनेटरऐवजी जुना डायनामो असेल तर आयडलला (गाडी उभी, इंजिन मंद चालू असताना) काटा खाली येईल, त्याने घाबरू नका.

प्रश्न : माझ्या जुन्या जीपला मूळचा अँपिअर मीटर आहे. डायनामो काढून अल्टरनेटर बसवला. मीटर त्याच जागी ठेवू का?
— एक वाचक, उदगीर

उत्तर : जागा तीच ठेवा, मीटर बदला. अँपिअर मीटरमधून चार्जिंगचा करंट जाड वायरने डॅशपर्यंत येऊन परत जातो. जुने मीटर 30 अँपिअरपर्यंतचे असतात, अल्टरनेटर त्याहून जास्त देऊ शकतो. मग मीटरचे नट तापतात, वायरचं कव्हर वितळतं, आणि जीपच्या पत्र्याच्या डॅशमागे तशी उघडी वायर म्हणजे आग. त्याच भोकात बसेल असा व्होल्ट मीटर घ्या. मीटरवरून काढलेल्या दोन्ही जाड वायरी एकमेकींना क्रिंप करून नीट झाका, एकही टोक लोंबकळत ठेवू नका. काम सुरू करण्याआधी बॅटरीची वायर काढा.

प्रश्न : कन्नडचा घाट चढताना गाडी तापत होती, मग टेम्परेचरचा काटा एकदम खाली आला. गाडी आपोआप थंड झाली असं समजायचं का?
— एक वाचक, कन्नड

उत्तर : अजिबात नाही. चढावर तापलेली गाडी एकाएकी थंड होत नाही. पाणी सेंडरच्या खाली गेलं की सेंडरला पाण्याऐवजी वाफ-हवा लागते आणि काटा पडतो, आत इंजिनचं हेड तापतच असतं. असा काटा पडला की सुरक्षित जागा बघून ताबडतोब इंजिन बंद करा. बॉनेट उघडा, पण रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नका, आतलं उकळतं पाणी अंगावर येईल. वरचा होज हाताला सोसेल इतका निवला की मगच झाकण, तेही जाड फडकं धरून, हळूहळू. पाणी एकदम ओतू नका, थोडं थोडं घाला. आणि घरी आल्यावर ते पाणी काढून डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट भरा. आपल्याकडचं बोअरचं पाणी क्षारांचं, त्याने रेडिएटरच्या नळ्या आतून बुजतात आणि पुढच्या घाटात गाडी पुन्हा तापते.