क्रियापदाखाली रेघ

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

मंगळवारी तू आलीस तेव्हा मी हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत गेलो होतो. परत येऊन बघतो तर फोनवर तुझा मेसेज: "काका, आय हॅड केम टु युवर होम. यू वॉज नॉट देअर." पुढे एक रडका चेहरा. संध्याकाळी तुझी आई भाजीच्या गाडीवर भेटली. चाकणचा इंटरव्ह्यू गेला, पोरगी दोन दिवस धड जेवली नाही, आणि आता कुठल्याशा स्पोकन इंग्लिशच्या क्लासला अठरा हजार भरायचे म्हणते, असं तिने सांगितलं.

धीर धर, खचू नकोस वगैरे मी लिहीत नाही. त्याला तुझी आई आहे. मी फक्त त्या मेसेजबद्दल लिहिणार आहे. तो मी तीनदा वाचला आणि मला जरासुद्धा हसू आलं नाही.

रात्री फोनवर तू इंटरव्ह्यूचं उत्तर घडाघडा म्हणून दाखवलंस. आय ऍम हार्डवर्किंग, आय ऍम पंक्च्युअल, माय हॉबीज आर रीडिंग अँड ट्रॅव्हलिंग. कुठे अडखळली नाहीस. आता मला सांग, तू ट्रॅव्हलिंग कधी केलंस? पंढरपूर सोडलं तर तू कुठे गेलीयस? इंटरव्ह्यू घेणाऱ्या बाईंनी पुढचा साधा प्रश्न विचारला, आज इथपर्यंत कशी आलीस, तर तुला एसटी आणि शेअर रिक्षा या दोन गोष्टी सांगता आल्या नाहीत. इंग्रजी येत नाही म्हणून नव्हे. आयुष्यात एकदाही स्वतःचं वाक्य स्वतः बांधलं नाहीस म्हणून. पाठ केलेलं वाक्य भाड्याच्या शेरवानीसारखं असतं, फोटोपुरतं.

वाक्य तुझं हवं. हे मी या पत्रात दहा वेळा लिहिणार आहे, कंटाळलीस तरी वाच.

आम्हाला एबीसीडी पाचवीत भेटली. २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं, म्हणजे दहावीपर्यंत तुला दहा वर्षं मिळाली आणि मला सहा. वर तुझा डिप्लोमा. तरी तू आणि मी एकाच दगडाला ठेचकाळलो, याचं कारण वर्षं कमी पडली हे नाही. पस्तीस मार्कांचा विषय म्हणून आपण ते काढलं. निबंध गाइडातला, पत्र गाइडातलं, "माय फेव्हरिट टीचर"सुद्धा गाइडातला. शिक्षक स्वतःचा आणि निबंध दुसऱ्याचा!

आता माझी गोष्ट ऐक. आईला अर्धीच माहीत आहे.

मी मशीन टूल्सच्या सर्व्हिसला होतो. गिऱ्हाइकाकडे जायचं, मशीन दुरुस्त करायचं, कार्बन घालून तीन प्रतींत रिपोर्ट लिहायचा, सही घ्यायची. सगळे जण तुटक लिहायचे, मीही. बेअरिंग चेंज्ड. ऑइल लेव्हल ओके. १९८९ मध्ये एका कारखान्यात लेथच्या ल्युब्रिकेशन पंपाचा आवाज येत होता. मी ऑपरेटरला बजावलं की पंप बदलेपर्यंत मशीन चालवू नकोस. रिपोर्टात लिहिलं: "ऑपरेटर टोल्ड टु स्टॉप मशीन." त्याने शिफ्ट संपेपर्यंत मशीन चालवलं. स्पिंडल जाम झाला. चौकशीत माझाच कागद माझ्यापुढे आला. त्यांचे साहेब म्हणाले, इथे लिहिलंय की ऑपरेटरनेच तुम्हाला मशीन थांबवायला सांगितलं, मग तुम्ही थांबवलं का नाही?

एक "वॉज" राहिला होता. "ऑपरेटर वॉज टोल्ड" म्हणजे ऑपरेटरला सांगितलं गेलं. "ऑपरेटर टोल्ड" म्हणजे ऑपरेटरने सांगितलं. सांगणारा आणि ऐकणारा यांची अदलाबदल. त्या वर्षी माझी पगारवाढ अडकली. घरी मी मंदीचं कारण सांगितलं.

आमच्या ड्रॉइंग ऑफिसात एक वयस्कर गृहस्थ होते. त्यांनी तो रिपोर्ट मागून घेतला, लाल पेन्सिल काढली आणि प्रत्येक ओळीपुढे एकच प्रश्न लिहिला: क्रियापद कुठे आहे? मग म्हणाले, उद्यापासून रोज पाच वाक्यं आण. कालच्या दिवसाची. पुस्तकातली आणलीस तर फाडून टाकीन. प्रत्येक वाक्यात क्रियापदाखाली रेघ. मी जवळजवळ दोन वर्षं आणत होतो. टूरवर असलो तर लॉजवर लिहायचो आणि परत आल्यावर गठ्ठा द्यायचो. ती वही अजून ट्रंकेत आहे. पहिल्या पानावर आहे: "आय ऍम हॅविंग फीवर." त्याखाली लाल रेघ आणि शेजारी मराठीत, "ताप चालू आहे की आहे?"

तेव्हा रोज पाच वाक्यं. तुझी. क्रियापदाखाली रेघ. बस्स, माझ्याकडे एवढंच आहे, बाकी सगळं त्याची शेपटं.

तू म्हणशील, काका, व्याकरण नको, इंग्रजीत विचार करायचा असतो असं व्हिडिओत सांगतात. कसला विचार करतेस इंग्रजीत? भाकरी करपली तर तू मराठीतच ओरडणार. विचार खुशाल मराठीत कर, फक्त दोन्ही भाषांचा संसार कुठे वेगळा मांडलाय ते बघ. मराठीत क्रियापद गार्डाच्या डब्यासारखं गाडीच्या शेवटी. इंग्रजीत ते कर्त्याच्या पाठोपाठ येतं, बाकीचे डबे मागून. मराठीत मी आंबा खाल्ला, भाकरी खाल्ली, केळं खाल्लं, म्हणजे काय खाल्लं त्यावर क्रियापद बदलतं. इंग्रजीत तिन्हींना "आय एट". ते कर्माकडे ढुंकून बघत नाही, कर्त्याचंच ऐकतं. म्हणून "शी वर्क" लिहिलंस की कर्ता नाराज, तिथे "वर्क्स" लागतं. आणि म्हणून "यू वॉज" चालत नाही, समोर एक काका असो की वीस, "यू वेअर".

आणखी एक. मला दोन भाऊ आहेत, मला ताप आहे, माझ्याकडे वेळ नाही, माझी उद्या परीक्षा आहे. मराठीत कुठे मला, कुठे माझ्याकडे, कुठे माझी. इंग्रजीत चारही ठिकाणी "आय" आणि "हॅव". शेवटी "आहे" दिसलं की आपल्या लोकांचा हात "हॅविंग"कडे जातो. "आय ऍम हॅविंग टू ब्रदर्स." जणू भाऊ आत्ता बशीत वाढलेत.

आता तुझं "आय हॅड केम". हे कुठून आलं ते मला बरोबर ठाऊक आहे. "मी काल आले होते" या मराठीतून. आपण होते, होतो सर्रास लावतो, गोष्ट घडून संपली एवढंच सांगायला. इंग्रजीचा "हॅड" एवढा स्वस्त नाही. मागे घडलेल्या दोन गोष्टी असतील आणि त्यातली आधीची दाखवायची असेल, तेव्हा तो येतो. या पत्राचं पहिलं वाक्य परत बघ. तू आलीस, त्याच्या आधीच मी बँकेत गेलो होतो. दोन गोष्टी आहेत, तिथे "हॅड गॉन" शोभतं. तुझ्या मेसेजात गोष्ट एकच होती, तू आलीस. "आय केम." संपलं. आणि "हॅड"च्या मागे लावायचंच असेल तर तिसरं रूप, "कम", "केम" नव्हे. असंच ते "डिड यू केम". "डिड"ने भूतकाळ घेतला ना? मग पुढे साधं "कम". एका डब्याला दोन झाकणं कशाला?

तुझ्या खोलीत भिंतीवर बारा काळांचा तक्ता लावलायस म्हणे. काढ तो. साधा वर्तमान, साधा भूत, चालू वर्तमान आणि "विल"वाला भविष्य, या चारांवर सहा महिने काढ. मग "हॅव" लावून होणारा पूर्ण वर्तमान घे. तक्त्यातला शेवटचा चौकोन, "विल हॅव बीन" वाला, मी चौतीस वर्षांच्या नोकरीत एकदाही वापरला नाही आणि कुणी मागितलाही नाही. रूपं मात्र पाठ कर, त्याला इलाज नाही, कारण इंग्रजीत सगळ्यात जास्त लागणारी क्रियापदं नेमकी वाकडी चालणारी आहेत. गो, वेंट, गॉन. टेक, टूक, टेकन. कम, सी, गिव्ह, मेक, से, सगळी तसलीच. पाढ्यांसारखी म्हण, आंघोळीला पाणी तापेपर्यंत.

शब्दांच्या याद्या नकोत. दिवसभरात जो शब्द अडला तो डिक्शनरीत बघ आणि त्याच रात्री पाचांपैकी एका वाक्यात बसव. वाचायला अग्रलेख घेऊ नकोस, सगळे मास्तर तेच सांगतात आणि पोरं दुसऱ्या परिच्छेदात झोपतात. तू मेकॅनिकलवाली, मशीनचं मॅन्युअल वाच. क्लीन द फिल्टर. चेक द ऑइल लेव्हल. छोटी वाक्यं, क्रियापद पहिल्याच जागी, मागचापुढचा फाफटपसारा नाही. ऐकायला, मी लॉजवर संध्याकाळी मराठी बातम्या ऐकायचो आणि रात्री नऊला आकाशवाणीच्या इंग्रजी. काय झालंय ते आधीच माहीत असायचं, त्यामुळे कान फक्त कसं सांगतात तिकडे राहायचा. आता तुमच्याकडे फोन आहे, सोय कितीतरी जास्त, आणि तूही चार ॲप घेऊन बसलीयस. चारही काढून टाक असं म्हणणार होतो, पण एक ठेव, नाहीतर काका जुन्या काळातला म्हणशील.

इंग्रजीला चिपळूणकर वाघिणीचं दूध म्हणाले. असेल. माझा अनुभव शेळीचा आहे. रोज दोन वेळा धार काढावी लागते, एक दिवस चुकलीस की आटते.

आता जे लिहायचं नव्हतं ते. १९९६ मध्ये ट्रेनिंगसाठी दोघांना जर्मनीला पाठवायचं होतं. तिकडचे दोन पाहुणे आले, आमच्याशी बोलायला बसले. तोवर माझे रिपोर्ट अख्ख्या डिपार्टमेंटमध्ये सगळ्यांत स्वच्छ होते. त्यांनी विचारलं, तुम्हाला कुठलं काम आवडतं? मी वाक्य मनात बांधायला घेतलं. कर्ता ठेवला, क्रियापद तपासलं, "स" लागतो का बघितलं. तेवढ्यात शेजारचा म्हणाला, "सर, आय लाइक स्पिंडल वर्क, आय डूइंग टेन इयर्स." चूक होती, पण त्यांना कळलं. तो गेला. मी दोन वर्षं त्याच्याशी नीट बोललो नाही, यात त्याची काय चूक?

म्हणजे वही होती, तोंड नव्हतं. त्या गृहस्थांनी मला लिहायला लावलं, म्हणायला लावलं नाही, आणि मीही कधी विचारलं नाही. म्हणून तुला सांगतो, पाच वाक्यं लिहून झाली की मोठ्याने म्हण. म्हशीपुढे म्हण, आरशापुढे नको, आरशात माणूस स्वतःलाच लाजतो. घरातले हसतील. भाऊ तर नक्की हसेल. हसू दे.

आईने एवढ्यात तुला ऐकवलं असेलच, की काकांनी स्वतःच्या पोराला मराठी शाळेत घातलं आणि आता इंग्रजी शिकवतायत. घातलं, बरोबर आहे. तो आज बंगलोरला आहे आणि भांडण झालं की पहिलं हेच काढतो. कॉलेजचं पहिलं वर्ष मी मागच्या बाकावर काढलं बाबा, तुमच्या तत्त्वापायी. मी त्याला म्हणतो, कर्ता, कर्म, क्रियापद तुला आधी मराठीत कळलं म्हणून नंतर सहा महिन्यांत इंग्रजी जमलं. तो म्हणतो, सहा नाही, अठरा. असतील अठरा. खरी गोष्ट अशी आहे की महिन्यातले वीस दिवस मी टूरवर असायचो आणि त्याच्याकडून पाच वाक्यं कधी लिहून घेतली नाहीत. दुसऱ्यांच्या पोरांना वह्या दिल्या, घरच्याला नाही. पण शाळा चुकली नव्हती. चुकलो असेन तर मी. यावर काकूचं मत वेगळं आहे, ते तू तिलाच विचार.

क्लासचे अठरा हजार सध्या राहू देत. तीन महिने वही लिही. तरी वाटलं तर भर पैसे, मी अडवणार नाही. मात्र क्लासमध्ये तयार उत्तरं द्यायला लागले तर तिथून उठ. वाक्य तुझं हवं. "आय केम बाय एसटी. द बस वॉज लेट. आय वॉज स्केर्ड." घाबरले होते हेसुद्धा सांगता येतं इंग्रजीत, आणि ऐकणाऱ्याला ते पंक्च्युअलपेक्षा खरं वाटतं.

वही शंभर पानी घे, एकरेघी. दोनशे पानी नको, जाडी बघूनच हात थांबतो. लाल पेन माझ्याकडे आहे. रविवारी दहाच्या सुमारास ये, मी कुठे जात नाही. येताना तुमच्या परसातला गवती चहा आण, काकूने दोनदा आठवण केलीय.

आणि हो, तुझ्या मेसेजला मी अजून उत्तर दिलेलं नाही, मुद्दाम. तो दुरुस्त करून परत पाठव. मग देतो.

तुझा
काका