उकळलं म्हणजे झालं का? पिण्याच्या पाण्याविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : शाळेतल्या बऱ्याच पोरांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे दिसतात. बोअरचं पाणी नितळ आहे, चवीला गोडं आहे. तरी आम्ही उकळूनच देतो. अजून काय करावं? (ता. केळापूर, जि. यवतमाळ)

उत्तर : या बोअरचं पाणी पिण्यासाठी उकळणं आधी बंद करा. तुम्ही सांगता ती लक्षणं फ्लोराइडची, म्हणजे खडकातून पाण्यात उतरणाऱ्या एका क्षाराची, असू शकतात, आणि फ्लोराइड उकळून जात नाही, उलट वाढतं. वाफ होऊन पाणी उडतं, फ्लोराइड भांड्यातच राहतं. लिटरमागे १.६ मिलिग्रॅम फ्लोराइड असलेलं १० लिटर पाणी उकळून ८ लिटर उरलं, तर तेच प्रमाण २ वर जातं. मानकानुसार ते १ पर्यंत असावं. दुसरी सोयच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतात. तुरटी, कापडाची गाळणी किंवा क्लोरीनचे थेंब यांनीही घरच्या घरी फ्लोराइड कमी होत नाही.

एक लिटरची स्वच्छ प्लास्टिक बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळा, भरा आणि ग्रामपंचायतीमार्फत भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत रासायनिक तपासणीला पाठवा. हापशी आधी पाच मिनिटं हापसून मगच नमुना घ्या, कारण पाइपात साचलेलं पाणी बोअरचं खरं चित्र दाखवत नाही. गावातल्या प्रत्येक बोअरचा नमुना वेगळा पाठवा. एकाच गावात शंभर पावलांवरच्या दोन बोअरमध्ये मोठा फरक निघतो, आणि कित्येकदा उपाय तिथंच सापडतो: कमी फ्लोराइडची हापशी पिण्यासाठी राखून ठेवायची, बाकीचं पाणी धुण्या-भांड्यांना वापरायचं. पक्के दात हिरडीच्या आत साधारण आठ वर्षांपर्यंत घडत असतात, म्हणून घरात चांगलं पाणी थोडंच येत असेल तर ते आधी लहान पोरांना द्या. त्यांचा काळा चहा बंद करा, चहापत्तीतही फ्लोराइड असतं.

तुरटी आणि चुन्यानं फ्लोराइड काढायची नालगोंडा पद्धत नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेनंच विकसित केली. पण त्यात तुरटीचं माप पाण्याच्या तपासणीवरून ठरतं. घरी अंदाजानं करू नका.

प्रश्न : पावसाळा लागला की गावात हगवण-उलटीचे पेशंट वाढतात. विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकतो, तरी हेच. किती टाकायची, कशी टाकायची? (ग्रामपंचायत सदस्य, जि. वर्धा)

उत्तर : आधी विहीर मोजा. व्यास × व्यास × पाण्याची खोली, सगळं मीटरमध्ये. त्याला ७८५ नं गुणलं की लिटर येतात. ४ मीटर व्यास आणि ३ मीटर पाणी म्हणजे सुमारे ३७,७०० लिटर. ताज्या पावडरीत ३३ टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतं. ती हजार लिटरला अडीच ग्रॅम, म्हणजे या विहिरीला ९५ ग्रॅम लागते. साथ असेल तर दुप्पट.

पावडर थेट विहिरीत फेकू नका. प्लास्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात कालवून लगदा करा, बादली पाऊण भरा, ढवळा आणि दहा मिनिटं ठेवा. एका बादलीला १०० ग्रॅमपेक्षा जास्त घेऊ नका. खाली बसलेला चुना विहिरीपासून लांब टाका, वरचं निवळलेलं पाणी दुसऱ्या बादलीत घ्या. ती दोरानं पाण्याखाली सोडून वर-खाली, आडवी हलवा. हे काम रात्री, पाणी भरणं आटोपल्यावर करा. नंतर किमान तासभर विहिरीला हात लावायचा नाही.

मग ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात उरलेलं क्लोरीन रंगावरून बघायची चाचणी. पिवळा रंग आला आणि तो ०.५ (लिटरमागे मिलिग्रॅम) च्या खुणेशी जुळला तर पुरे. रंगच आला नाही तर निम्मी मात्रा पुन्हा टाका. गढूळ पाणी क्लोरीन खाऊन टाकतं. टेस्टचं रसायन टाकताच रंग लगेच वाचा, आणि टेस्टचं पाणी कुणी पिऊ नये, ते रसायन विषारी आहे.

एवढं करूनही पेशंट येत असतील तर दोन गोष्टी बघा. पहिली, टीसीएलचं पोतं. आपल्याकडच्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यात उघड्या पोत्यातलं क्लोरीन उडून जातं, मागं नुसता चुना उरतो. नाकाला झोंबणारा वास नसेल तर पावडर मेलेली समजा. ती घट्ट झाकणाच्या प्लास्टिक डब्यात, सावलीत ठेवा. संडास धुवायच्या ॲसिडजवळ तर मुळीच नको, दोन्ही एकत्र आले की विषारी वायू सुटतो.

दुसरी, नळ. पाणी कमी दाबानं येतं म्हणून लोक अंगणात खड्डा खणून तोटी खाली घेतात, किंवा टिल्लू पंप लावतात. पंप पाइपातून ओढतो तेव्हा नालीतून गेलेल्या पाइपाच्या फटीतून नालीचं पाणीही आत येतं. टाकीवर क्लोरीन बरोबर असतं आणि शेवटच्या घरी शून्य! म्हणून ओटी टेस्ट टाकीवर नव्हे, शेवटच्या नळावर घ्या. तिथं किमान ०.२ हवं. खड्ड्यातल्या तोट्या वर घ्यायला लावणं, टिल्लू काढायला लावणं हे सगळ्यांत अवघड काम आहे, पण रोग तिथूनच येतो.

प्रश्न : आमचं गाव खारपाणपट्ट्यात आहे. आरओचा २० लिटरचा कॅन घेतो. तो निर्धोक समजायचा का? (ता. दर्यापूर, जि. अमरावती)

उत्तर : क्षार कमी झाले एवढंच त्यावरून कळतं. आरओमधून निघालेल्या पाण्यात क्लोरीन उरत नाही, त्यामुळे मळकट कॅनमध्ये किंवा हात बुडवलेल्या माठात ते लवकर नासतं. कॅन आतून हिरवट, बुळबुळीत तर नाही ना, बघा. घरी माठ रोज रिकामा करून घासा, झाकण ठेवा, पाणी लांब दांड्याच्या ओगराळ्यानंच काढा.

प्रश्न : फवारणीच्या औषधाचा रिकामा कॅन गरम पाण्यानं आणि सोड्यानं धुऊन शेतात प्यायचं पाणी नेलं तर चालतं का? (जि. यवतमाळ)

उत्तर : नाही. कितीही धुतला तरी नाही. औषध प्लास्टिकमध्ये मुरतं आणि उन्हात तापल्यावर पुन्हा पाण्यात उतरतं. लेबलवरचा त्रिकोण हिरवा, म्हणजे सगळ्यांत कमी विषारी औषधाचा, असला तरी हेच. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं दगावली, हे विसरू नका. फवारणीचा पंपही विहिरीच्या काठावर भरू नका. वेगळ्या बादलीनं पाणी शेंदून लांब न्या. कॅन रिकामा झाला की तीनदा विसळा, ते पाणी पंपातच ओता आणि लगेच विळ्यानं कॅनच्या बुडाला भोक पाडा, म्हणजे घरातलं कुणी तो उचलून पाण्याला लावणार नाही.