वेताळ वाचून झाला, आता मोठेपणी काय वाचू?

प्रश्न : लहानपणी इंद्रजाल कॉमिक्सवर वाढलो, वेताळ, मॅन्ड्रेक, बहादूर, सगळं तोंडपाठ होतं. आता वय पंचेचाळीस, आणि परत कॉमिक्स वाचायची फार इच्छा होतेय, पण दुकानात गेलं की एकतर लहान मुलांचं नाहीतर नुसती मारामारी. मोठ्या माणसाने वाचावं असं या प्रकारात खरंच काही आहे का? यादी नको, एकच नाव सांगा.
– एक वाचक, सांगली

उत्तर : एकच नाव हवंय ना, मग 'माऊस'. आर्ट स्पीगलमन नावाच्या अमेरिकन चित्रकाराने स्वतःच्या वडिलांची गोष्ट सांगितलीय, वडील पोलंडचे ज्यू, नाझींच्या ऑशविट्झ छावणीतून जिवंत परत आलेले. ज्यू म्हणजे उंदीर, नाझी म्हणजे मांजरं, पोलिश लोक डुकरं. ऐकून वाटतं की हे काय पोरखेळासारखं, पण दहा पानं वाचा, उंदीर दिसायचे बंद होतात आणि माणसंच दिसायला लागतात. वडील म्हातारे झालेत, न्यूयॉर्कमध्ये राहतात, एका प्रसंगात व्यायामाच्या सायकलवर पाय मारत मारत जुन्या गोष्टी सांगतायत आणि हातावर छावणीतला नंबर गोंदलेला आहे, त्याबद्दल तिथे कोणी एक शब्द बोलत नाही, चित्रात फक्त आहे तो. हे कादंबरीत करायचं तर लेखकाला वाक्य लिहून तुमचं लक्ष तिकडे वळवावं लागेल, इथे तुमचं तुम्हाला दिसतं आणि दिसलं की पान उलटायला हात धजत नाही. मोठ्यांचं कॉमिक्स म्हणजे माझ्या मते हेच, रक्त किंवा शिव्या किती आहेत यावर ते ठरत नाही.

आणि म्हातारा काही देवमाणूस वगैरे दाखवलेला नाही हां, कंजूस आहे, दुसऱ्या बायकोशी सतत कटकट, मुलालाही हैराण करतो. एवढं सोसलेला माणूस असाही असू शकतो हे मुलाने लपवलं नाही म्हणून ते इतकं खरं वाटतं. 1992 साली याला पुलित्झरचा विशेष पुरस्कार मिळाला. दोन भाग आहेत, एकत्र बांधलेली आवृत्तीही मिळते, तीच घ्या, कारण पहिला भाग संपल्यावर दुसऱ्यासाठी थांबवणार नाही.

प्रश्न : तुम्ही लोक कायम परदेशी नावं सांगता. आपल्याकडचं काही नाही का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : आहे, आणि तुम्ही साताऱ्याचे म्हणजे पहिलं पुस्तक तर तुमच्याच जिल्ह्यात सुरू होतं! 'भीमायन', 2011 साली आलं. बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये स्वतःवर गुदरलेले जे प्रसंग लिहून ठेवलेत त्यावर ते उभं आहे. लहानगा भीमा भावंडांबरोबर साताऱ्याहून रेल्वेने मसूर स्टेशनला उतरतो, गोरेगावला वडिलांकडे जायचंय, न्यायला कोणी आलेलं नाही, स्टेशनमास्तर आधी आपुलकीने विचारपूस करतो आणि जात कळल्यावर मागे सरतो, मग दुप्पट भाड्यावर एक बैलगाडी मिळते पण गाडी पोरांनीच हाकायची आणि गाडीवान बाजूने चालणार. आणि रात्रभर पाणी नाही. प्रसंग आपल्यातल्या बऱ्याच जणांनी कुठे ना कुठे वाचलेला असतो, तरी इथे तो नव्याने बोचतो.

बोचतो तो चित्रांमुळे. चित्रं काढलीत दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांनी, मजकूर श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचा. चौकटी नाहीतच यात! माणसांना चौकोनात कोंडलं तर त्यांचा जीव घुसमटतो असं व्याम दांपत्याचं म्हणणं, म्हणून पानाचे भाग पाडायला त्यांनी चौकटींऐवजी गोंडांच्या भिंतीवर-अंगणात काढतात त्या दिग्ण्याच्या वळणदार रेघा वापरल्यात. आणि संवादाचे फुगे नीट बघा. साध्या माणसाचं, ज्याला सोसावं लागतं त्याचं बोलणं पक्ष्याच्या आकारात येतं आणि ज्याच्या बोलण्यात विष आहे त्याच्या फुग्याला विंचवाची नांगी. म्हणजे वाक्य वाचायच्या आधीच कळतं की आता डंख बसणार. जातीचं बोलणं ऐकणाऱ्याला कसं लागतं हे इतक्या सरळपणे दाखवलेलं मी दुसरीकडे कुठेच पाहिलेलं नाही, आणि महाराष्ट्रातल्या घराघरात हे पुस्तक असायला हवं असं मला अगदी मनापासून वाटतं.

हे आवडलं तर 'भीमायन' काढणाऱ्या नवायन प्रकाशनाचंच 'अ गार्डनर इन द वेस्टलँड' बघा, जोतीरावांच्या 1873 च्या 'गुलामगिरी'वर. आणि ओरिजित सेन यांचं 'रिव्हर ऑफ स्टोरीज', नर्मदेच्या धरणावरचं, 1994 चं, मध्ये कितीतरी वर्षं मिळतच नव्हतं पण परत छापून आलंय. आणीबाणीवर वाचायचं असेल तर विश्वज्योती घोष यांचं 'दिल्ली काम', 'काम' म्हणजे शांत अशा अर्थाचा इंग्रजी शब्द, नाहीतर दुकानदार भलतंच काढून द्यायचा.

प्रश्न : माझं इंग्रजी कच्चं आहे, शब्दकोश घेऊन बसायचा कंटाळा येतो. तरी हे सगळं वाचता येईल का?
– एक वाचक, परभणी

उत्तर : येईल की. सुरुवात शॉन टॅनच्या 'द अरायव्हल'ने करा, त्यात वाचता येईल असा एकही शब्द नाही. एक माणूस बायको आणि मुलीला मागे ठेवून दूरच्या शहरात पोट भरायला जातो, तिथली भाषा त्याला कळत नाही आणि चित्रकाराने पाट्यांवरची लिपीसुद्धा मनाने रचलेली आहे त्यामुळे आपल्यालाही कळत नाही, इंग्रजी एकदम पक्कं असलेला माणूस आणि तुम्ही इथे अगदी एका पातळीवर. घरचं कोणी गाव सोडून कामाला मुंबईला किंवा आखातात गेलेलं असेल तर फार आत लागतं हे.

त्यानंतर मार्जान सत्रापीचं 'पर्सेपोलिस'. इराणमधल्या 1979 च्या क्रांतीच्या वेळी लेखिका दहाएक वर्षांची होती, तीच सांगतेय सगळं, त्यामुळे वाक्यं छोटी आणि सोपी. चित्रं नुसती काळी-पांढरी. पहिल्याच प्रकरणात शाळेत मुलींना डोक्यावरून रुमाल घ्यायला सांगतात आणि त्या पटांगणात त्याच रुमालांशी खेळत बसतात, तिथेच तुम्ही पुस्तकात शिरलेले असता.

प्रश्न : लांबलचक सिरीज हवीय, महिनाभर पुरेल अशी. सगळे मांगा मांगा करतात, म्हणजे ती जपानी कॉमिक्स, पण उजवीकडून डावीकडे वाचणं जमेल का?
– एक वाचक, बेळगाव

उत्तर : एका बैठकीत जमतं, त्याची धास्ती नको. फक्त पानाच्या उजव्या वरच्या कोपऱ्यातून सुरू करायचं आणि फुगेसुद्धा उजवीकडचा आधी.

पहिली सिरीज नाओकी उरासावाची 'मॉन्स्टर', मूळ 18 भाग. तेन्मा नावाचा जपानी मेंदूचा सर्जन जर्मनीत काम करतोय, एका रात्री गोळी लागलेला मुलगा येतो आणि मागोमाग शहराचा महापौर, वरून हुकूम येतो की महापौरांचं ऑपरेशन कर आणि हा मुलाचं करतो कारण मुलगा आधी आला होता. मुलगा वाचतो, आणि काही वर्षांनी कळतं की तो मुलगा खुनी झालाय. मग डॉक्टरने केलं ते बरोबर होतं का, या एका प्रश्नावर ती अख्खी सिरीज चालते आणि कुठेही ढिली पडत नाही.

दुसरी ओसामू तेझुकाची 'बुद्धा', इंग्रजीत 8 भाग. सिद्धार्थाच्या जन्माआधी बराच वेळ चाप्रा नावाचा गुलाम मुलगा आणि तत्ता नावाचा बहिष्कृत पोरगा यांचीच गोष्ट चालते, म्हणजे राजवाड्याच्या आधी जातीची उतरंडच समोर येते. मध्येच अचानक विनोद, आधुनिक काळातले उल्लेख वगैरे येतात, काहींना ते खटकतं, मला नाही खटकलं, कारण त्यामुळे बुद्ध पूजेच्या फोटोतून उतरून माणसांत येतो. आणि मन घट्ट असेल तर केजी नाकाझावाची 'बेअरफूट गेन'. हिरोशिमावर बॉम्ब पडला तेव्हा लेखक स्वतः तिथे होता, सहा वर्षांचा. रात्री झोपायच्या आधी मात्र वाचू नका.

प्रश्न : मित्र म्हणतो 'वॉचमेन' वाचल्याशिवाय काही वाचलंच नाही. सुरुवात त्यानेच करू का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : थोडं थांबा. ॲलन मूर आणि डेव्ह गिबन्सची ही 12 अंकांची मालिका, 1986-87 ची, सुपरहिरोंच्या गोष्टींनाच उलटी करून बघते, त्यामुळे मुळात तसलं थोडंफार वाचलेलं असेल तरच तिची धार कळते. तीनचार पुस्तकं झाली की घ्या आणि पाचव्या अंकाशी पोचलात की पहिलं पान आणि शेवटचं पान शेजारी ठेवून बघा, चौकटींची मांडणी आरशात धरल्यासारखी आहे, दोन्ही टोकांकडून मधल्या पानांपर्यंत.

प्रश्न : मुलगा चौदा वर्षांचा आहे, माझी पुस्तकं उचलतो. देऊ का?
– एक वाचक, पणजी

उत्तर : 'द अरायव्हल' आणि 'भीमायन' बिनधास्त द्या. 'माऊस' आणि 'पर्सेपोलिस' दोघांनी बरोबरीने वाचा, छळाचे प्रसंग आहेत, त्यावर बोलणं होऊ द्या. 'वॉचमेन' अजून तीनचार वर्षं वरच्या फळीवर. मांगाच्या मागच्या कव्हरवर बहुतेक वेळा वयाची खूण असते, टी म्हणजे किशोरांसाठी, टी प्लस म्हणजे जरा मोठ्या मुलांसाठी, एम म्हणजे प्रौढांसाठी, विकत घेताना तेवढी बघून घेत जा.