कंपाउंड धनुष्याला परवाना लागत नाही, पण पेटी मापून घ्या

प्रश्न : मी यावल तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक आहे. मुलगी सतरा वर्षांची, कंपाउंड धनुष्यावर (टोकांना चाकं असलेलं तिरंदाजीचं धनुष्य) खेळते. मागच्या स्पर्धेहून येताना एका मोठ्या स्टेशनावर तपासणीत तिची पेटी उघडायला लावली. ‘हे हत्यार आहे, परवाना दाखवा’ म्हणून दीड तास बसवून ठेवलं, तेवढ्यात गाडी गेली. पुढच्या गाडीत टीसीनं पेटी मोठी आहे म्हणून पाचशे रुपये घेतले, पावती दिली नाही. आता पुढच्या महिन्यात भुसावळहून टाटानगरला स्पर्धेला जायचं आहे. थ्री-एसीचं तिकीट काढलंय. पेटी ११२ सेंटिमीटर लांब, आतलं साहित्य एक लाख ऐंशी हजारांचं. ब्रेकव्हॅनला, म्हणजे गाडीच्या सामानाच्या डब्यात, द्यावी का? मेहुणे म्हणतात, सरळ क्रिकेटचं किट म्हणून सांगा. शिवाय माझ्या वडिलांना त्यांचा जुना कामठा (आम्हा भिल्लांचं बांबूचं धनुष्य, हे पाच फुटी) तिथल्या प्रशिक्षकांना भेट पाठवायचा आहे. परवाना खरंच लागतो का?

उत्तर : गुरुजी, आधी मेहुण्यांचा सल्ला बाजूला ठेवा. क्रिकेटचं किट म्हणून सांगितलेल्या पेटीतून धनुष्य निघालं, की बेकायदा नसलेली वस्तू संशयास्पद होते. मग तुमच्या खऱ्या कागदांवरही कोणी विश्वास ठेवत नाही. विचारलं की सांगायचं : तिरंदाजीचं साहित्य आहे, मुलगी खेळाडू आहे, ही कागदपत्रं.

तुमच्या बाबतीत दोन वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळले. खाकीवाल्यानं विचारला शस्त्राचा प्रश्न, काळ्या कोटवाल्यानं विचारला सामानाचा. पहिल्यात तुमची बाजू भक्कम आहे. दुसऱ्यात, वाईट वाटून घेऊ नका, तुमचीच पेटी चुकते.

शस्त्र कायदा १९५९ चा. त्याच्या कलम २ मध्ये ‘शस्त्र’ शब्दाची व्याख्या ऐसपैस आहे : हल्ल्यासाठी किंवा बचावासाठी हत्यार म्हणून बनवलेली कुठलीही वस्तू. लाठी किंवा हातातली साधी काठी यांसारख्या केवळ घरगुती वा शेतीच्या कामाच्या वस्तू आणि खेळणी तेवढी त्यातून वगळली आहेत. स्पर्धेचं धनुष्य या व्याख्येत बसतं का, यावर दोन वकील तासभर भांडू शकतात. तुम्हाला त्या भांडणाची गरजच नाही. कारण ‘शस्त्र आहे’ आणि ‘परवाना लागतो’ या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि स्टेशनावरच्या त्या जवानाची गल्लत नेमकी इथेच झाली. कलम ३ चा परवाना बंदुका आणि दारूगोळ्यासाठी आहे. बाकीच्या शस्त्रांसाठी कलम ४ : केंद्र सरकारनं राजपत्रात एखादा प्रदेश आणि शस्त्राचा प्रकार अधिसूचित केला, तरच तिथे परवान्याची सक्ती. शस्त्र नियमांतल्या धारदार हत्यारांच्या यादीत तलवार, कट्यार, संगीन, भाला, सुरा अशी नावं आहेत, आणि माप आहे ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचं. तुमच्या मुलीच्या बाणाला पातंच नाही. टार्गेट पॉइंट म्हणजे बाणाच्या दांडीइतक्याच जाडीचं पोलादी टोक. शिकारीचे पातीवाले बाण मात्र पेटीत एकही नको, कुणी ‘नुसतं दाखवायला’ दिला असला तरी.

इथवर तुम्ही सुटलात. पण खान्देशात प्रॅक्टिस करणारा वकील आणखी एक कागद बघितल्याशिवाय अशिलाला घराबाहेर पाठवणार नाही : महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१, कलम ३७(१). सण, मोर्चे, निवडणुका आल्या की वर्तमानपत्राच्या आतल्या पानात चार ओळींची बातमी येते, ‘जिल्ह्यात शस्त्रबंदी लागू’. ती हीच. तलवारी, भाले, काठ्या आणि ‘शारीरिक इजा करण्यासाठी वापरता येईल अशी कोणतीही वस्तू’ बाळगायला त्या आदेशानं मनाई होते. या शेवटच्या शब्दांत धनुष्य आरामात बसतं. आदेश एका वेळी साधारण पंधरा दिवसांचा असतो, संपला की पुन्हा निघतो. मोडला तर कलम १३५ खाली एक वर्षापर्यंत कैद, आणि खास कारण नोंदवल्याशिवाय चार महिन्यांपेक्षा कमी नाही, वर दंड. माझ्या मते तुमच्या प्रकरणातला खरा धोका एवढाच आहे, आणि त्याचं नावही त्या स्टेशनावर कुणी काढलं नाही!

म्हणून निघण्याच्या आठवडाभर आधी तपासा, जळगाव जिल्ह्यात त्या तारखांना असा आदेश आहे का. असेल तर मूळ आदेश मिळवून वाचा, कुणाला सूट आहे ते त्यातच लिहिलेलं असतं. सूट मिळालेल्यांत खेळाडू बसत नसतील, तर आदेश काढणाऱ्या अधिकाऱ्याकडे दोन ओळींचा अर्ज द्या, स्पर्धेचं पत्र जोडा, लेखी परवानगी घ्या. तोंडी ‘जा हो गुरुजी, काही होत नाही’ यावर विसंबू नका. भुसावळ सोडल्यावर तुमची गाडी विदर्भातून छत्तीसगड, ओडिशाचा कोपरा, मग झारखंड अशी जाते. महाराष्ट्राबाहेर हे कलम नाही, पण मनाईचे आदेश तिथेही निघतात, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली, म्हणजे आपल्या ओळखीचं जुनं १४४. टाटानगरच्या आयोजकांना एक फोन करून विचारून घ्या.

आता पेटी. वजनाची काळजी नको. स्लीपर आणि थ्री-एसीला माणशी ४० किलो मोफत, टू-एसीला ५०. धनुष्य, बाण, स्टँड, कपडे धरून तुम्ही दोघं त्याच्या आसपासही जात नाही. घोळ मापाचा आहे. डब्यात सोबत न्यायच्या पेटीला १०० बाय ६० बाय २५ सेंटिमीटर ही मर्यादा आहे. थ्री-एसी आणि एसी चेअरकारला ती आणखी लहान : ५५ बाय ४५ बाय २२.५. हा नियम काटेकोर लावला तर थ्री-एसीतल्या निम्म्या बॅगा फलाटावर उतरवाव्या लागतील, हे टीसीलाही ठाऊक असतं, म्हणून तो सहसा डोळेझाक करतो. पण तुमची ११२ सेंटिमीटरची काळी पेटी नजरेत भरते, आणि एकदा टेप लागला की वाद घालायला जागा उरत नाही. जास्त पैसे मोजून तिकीट थ्री-एसीचं काढलंत, आणि माप नेमकं तिथेच सगळ्यात तोकडं. या कामापुरता स्लीपर बरा. नाहीतर टू-एसी.

आणि पेटी बदला. कंपाउंडचं माप दोन्ही चाकांच्या आसांमधलं सांगतात. तुमच्या मुलीचं ३३ इंची असेल, तर आसापासून आसापर्यंत ८४ सेंटिमीटर, कॅमचा, म्हणजे त्या चाकांचा, बाहेरचा भाग धरून अजून थोडं. ते १०० सेंटिमीटरच्या आतल्या मऊ केसमध्ये मावू शकतं. ३७–३८ इंची असेल तर कठीण, कारण कंपाउंड प्रेसशिवाय (धनुष्य दाबून धरणारं यंत्र) सुटं करता येत नाही, आणि प्रवासासाठी ते करूही नये. रिकर्व्हवाल्यांचं, म्हणजे बिनचाकाचं सुटं होणारं धनुष्य वापरणाऱ्यांचं, बरं असतं. रायझर (मुठीचा मधला भाग) २५ इंचांचा, लिंब (दोन बाजूंचे वाकणारे भाग) वेगळे, सगळं पाठीवरच्या पिशवीत. जमलं तर बाण वेगळ्या नळीत ठेवा. धनुष्य एका पिशवीत आणि बाण दुसरीत, हे तपासणाऱ्याच्या डोळ्यालाही बरं दिसतं.

ब्रेकव्हॅनचं विचारलंत. माझं उत्तर नाही, पण कारण समजून घ्या. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १०० प्रमाणे सामान बुक करून पावती घेतली असेल, तरच ते हरवल्या-मोडल्याची जबाबदारी रेल्वेवर येते. हे ऐकून पुष्कळ जण ब्रेकव्हॅनकडे धावतात. पण कलम १०३ पुढे येतं : किंमत जाहीर केली नसेल तर भरपाईला कमाल मर्यादा, सामानासाठी किलोमागे १०० रुपये. नऊ किलोच्या पेटीला नऊशे रुपये. एक लाख ऐंशी हजारांचं धनुष्य! किंमत जाहीर करून त्यावरचं टक्केवारी शुल्क भरलं तर ही मर्यादा सुटते, पण वाकलेल्या कॅमची भरपाई दोन वर्षांनी मिळून मुलीला परवाच्या फेरीत काय उपयोग? पेटी लहान करणं जमलंच नाही आणि ब्रेकव्हॅन टळत नसेल, तर किंमत जाहीर करा, गाडी सुटण्याच्या निदान अर्धा तास आधी सामान कार्यालयात पोचा, आणि दावा करायची वेळ आली तर सहा महिन्यांच्या आत लेखी नोटीस द्या. ती मुदत हुकली की कितीही खरा दावा बुडतो.

डब्यात सोबत नेलंत तर राखण तुमची. रेल्वेचा निष्काळजीपणा सिद्ध झाल्याशिवाय काही मिळत नाही. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एका प्रवाशाच्या कमरपट्ट्यातले एक लाख रुपये चोरीला गेल्याच्या प्रकरणात हेच सांगितलं : स्वतःजवळच्या सामानाची चोरी म्हणजे रेल्वेच्या सेवेतली त्रुटी नव्हे. तेव्हा साखळी-कुलूप घ्या, पेटी खालच्या बर्थखाली, आणि रात्री बापलेकींनी पाळीपाळीनं जागायचं.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण मीच विचारतो. मुलीच्या टूलबॉक्समध्ये काय काय आहे? पॉइंट बसवायला गरम गोंद, तो वितळवायला गॅसची छोटी टॉर्च किंवा स्पिरिटचा दिवा, पिसं चिकटवण्याआधी दांडी पुसायला ॲसिटोन? धनुष्य धोकादायक माल नाही, पण ही टॉर्च आणि ती बाटली आहे. ज्वलनशील वस्तू गाडीत नेली तर रेल्वे कायद्याच्या कलम १६४ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सगळ्यांचं लक्ष धनुष्यावर आणि गुन्हा कोपऱ्यातल्या बाटलीत, असं होऊ देऊ नका. ती घरी ठेवा. बाण इथेच तयार करून न्या, किंवा ते सामान टाटानगरला विकत घ्या.

पुन्हा कुणी अडवलं तर. जवान रेल्वे सुरक्षा दलाचा आहे की लोहमार्ग पोलिसांचा, खांद्यावरची पट्टी बघा. शस्त्र कायद्याचा गुन्हा नोंदवायचा तर काम लोहमार्ग पोलिसांकडेच जातं. नम्रपणे विचारा, ‘साहेब, कुठल्या कलमाखाली?’ आवाज चढवू नका, तुमची गाडी सुटतेय, त्यांची नाही. पेटी मुलीलाच उघडू द्या. कुणी गंमत म्हणून रिकामी दोरी ओढून सोडली, तर कॅम आणि लिंब जागच्या जागी तुटू शकतात. हे तिनंच आधी सांगावं, ‘बाण नसताना ओढू नका, तुटतं.’ सोबत ठेवायचे कागद : धनुष्याचं बिल, त्यावरचा क्रमांक, जिल्हा संघटनेचं ओळखपत्र, स्पर्धेचं निमंत्रण आणि प्रशिक्षकांचं फोन नंबर असलेलं पत्र. त्याची हिंदी प्रतही करा, नागपूर सोडल्यावर मराठी पत्र वाचणारा सापडेलच असं नाही.

जप्तच केलं तर पंचनाम्याशिवाय हातचं सोडू नका. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडती-जप्तीचं चित्रीकरण करावं लागतं आणि कलम १०६ प्रमाणे जप्तीची माहिती न्यायदंडाधिकाऱ्यांना द्यावी लागते. वस्तू परत मिळवण्यासाठी त्याच हद्दीतल्या न्यायालयात कलम ५०३ चा अर्ज. सर्वोच्च न्यायालयानं २००२ मध्येच सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात सांगून ठेवलंय, की जप्त माल ठाण्यात कुजत ठेवू नये. स्थानिक वकील एका तारखेत हे बोलू शकतो.

पाचशे रुपयांचं खरं सांगतो. मापाबाहेरच्या सामानावर आकारणी करायचा अधिकार टीसीला होता. पावती न देण्याचा नव्हता. रोख दिले असाल तर तुमचा शब्द विरुद्ध त्यांचा. फोनवरून दिले असाल तर ते कुणाच्या खात्यावर गेले, एवढंच दाखवणं पुरे. पीएनआर, डबा, तारीख लिहून १३९ वर किंवा रेलमदत ॲपवर तक्रार नोंदवा. गाडी चुकल्याच्या नुकसानीसाठी मात्र भांडू नका असंच मी सांगेन. दीड तासाच्या चौकशीचा निष्काळजीपणा सिद्ध करता करता मुलगी सीनिअर गटात जाईल.

राहिला आजोबांचा कामठा. तो पाच फुटी, एकसंध बांबूचा, म्हणजे पेटीच्या कुठल्याच मापात बसत नाही. कापडात गुंडाळून, किंमत जाहीर करून सामान म्हणून बुक करा. त्याला ब्रेकव्हॅनची भीती नाही. लोखंडी पात्यांचे तीर मात्र पाठवू नका. आणि पाड्यावरून रस्त्याला येताना तुमची वाट यावल अभयारण्यातून जात असेल, तर थांबा. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये ‘शस्त्र’ शब्दाच्या व्याख्येत धनुष्यबाण नाव घेऊन लिहिलेला आहे, आणि कलम ३१ प्रमाणे लेखी परवानगीशिवाय शस्त्र घेऊन अभयारण्यात पाऊल टाकता येत नाही. कामठ्यालाही लागू, कंपाउंडलाही. ज्या भिल्लांच्या तिराला वचकून इंग्रजांनी १८२५ मध्ये खान्देशात भिल्ल पलटण उभी केली, त्यांच्याच नातवानं कामठा घेऊन जंगलवाटेनं स्टेशनला जाऊ नये, हा कायदा मलाही खटकतो. पण वनरक्षकापुढे ते बोलून भागणार नाही. बाहेरचा लांबचा रस्ता धरा, किंवा वनखात्याकडे महिनाभर आधी अर्ज टाका.

कामठ्याची दोरी उतरवून मगच बांधा. ते आजोबा सांगतीलच.