तक्त्याची शेवटची ओळ

प्रिय मुली,

तुझं पत्र रात्री एक वाजून चाळीस मिनिटांनी लिहिलेलं दिसतंय. म्हणजे डोळे दुखतात हे कळवायलाही तू डोळेच ताणत बसली होतीस. असो. रागवायला पुढे भरपूर जागा आहे.

पत्र दोनदा वाचलं. माझी खोडच ती. पहिल्या वाचनात मजकूर, दुसऱ्यात चुका. चौतीस वर्षं प्रुफं तपासून झालेली ही सवय आता मेल्यावरच जाईल. (तीन अनुस्वार सुटलेत आणि 'दृष्टी' एका ठिकाणी 'द्रुष्टी' झाली आहे. प्रबंध लिहिणाऱ्या मुलीला हे शोभत नाही.) पण दुसऱ्या वाचनात मला एक अर्धं वाक्य सापडलं, आणि ते नसतं तर मी एवढं लांब उत्तर लिहायला बसले नसते. त्याकडे नंतर येते.

तुझं म्हणणं थोडक्यात असं: दोन वर्षांत नंबर उणे साडेतीनवरून उणे साडेचारवर गेला. संध्याकाळी कपाळ ठणकतं. रात्री ओळीच्या टोकाशी अक्षरं दुहेरी दिसतात. एक मैत्रीण म्हणाली चष्मा कमी वापर, डोळे आळशी होतात. दुसऱ्या कुणीतरी डोळ्यांच्या व्यायामाचे व्हिडिओ पाठवले. तू निळा प्रकाश अडवणाऱ्या काचा करून घेतल्यास. आणि आता विचारतेस की मावशी, प्रबंध सोडून कमी वाचावं लागेल असं काहीतरी बघू का?

नाही. वाचन सोडायचं नाही. का, ते तुला समजावत बसणार नाही. ते कळत नसतं तर तू घाबरली नसतीस.

पण तुझ्या पत्रात 'नंबर' हा शब्द अकरा वेळा आलाय. मोजलाय मी. आणि तिथेच तुझी गाडी चुकलेली आहे. नंबर म्हणजे डोळा नव्हे. चपलेचं माप पायाच्या तब्येतीबद्दल जेवढं सांगतं, तेवढंच चष्म्याचा नंबर डोळ्याबद्दल सांगतो. समोरचं चित्र आतल्या पडद्यावर नेमकं पडावं म्हणून किती ताकदीची काच लागते, एवढाच त्याचा अर्थ. मोठ्या माणसाचा डोळा पुढून मागे साधारण २४ मिलिमीटर असतो. तो लांबला की चित्र पडद्याच्या अलीकडेच जुळतं आणि उणे नंबर लागतो. एक मिलिमीटर लांबी वाढली की अडीच ते तीन नंबर वाढतात. म्हणजे तुझी दोन वर्षांची सगळी धास्ती मिलिमीटरच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्याएवढी आहे. लांबलेला डोळा व्यायामाने आखूड होत नाही. चष्मा न लावल्यानेही होत नाही, नुसतं धूसर दिसतं आणि डोकं दुखतं. डोळे आळशी होतात वगैरे काही नाही. तू काय पाय बळकट व्हावेत म्हणून लहान मापाची चप्पल घालून फिरतेस?

सततच्या जवळच्या कामाचा आणि उणे नंबरचा काही संबंध आहे, हे मी नाकारत नाही. मुलांच्या बाबतीत तर मोकळ्या उजेडात रोज तास-दोन तास काढल्याने नंबर लागणं लांबतं, हे बऱ्यापैकी सिद्ध झालंय. पण तुझं ते वय गेलं. आता हळहळून उपयोग नाही. आणि माझ्यासमोर पुस्तकांना आरोपी करू नकोस, मला ते सहन होत नाही.

तुझं कपाळ ठणकतं त्याचं कारण वेगळं आहे. जवळचं बघताना डोळ्यातला एक स्नायू आवळलेला असतो, तेव्हा कुठे आतलं भिंग फुगीर होतं. लांब पाहिलं की तो सैल पडतो. तू त्याला चार-चार तास आवळलेलाच ठेवतेस. वर संगणकाच्या पडद्याकडे टक लावली की पापण्या मिटणं निम्म्याहून कमी होतं, एरवी मिनिटाला पंधराएक वेळा तरी मिटतात. मग अश्रूंचा थर जागोजागी फाटतो, डोळा चुरचुरतो, अक्षरं पुसट होतात, आणि तुला वाटतं नंबर वाढला. नंबर नाही वाढला. डोळा वाळला. मुद्दाम, पूर्ण, सावकाश पापणी मिट. पान संपलं की मान वर करून लांब कुठेतरी बघ. वीस मिनिटांनी वीस फुटांवर वीस सेकंद असा एक नियम सांगतात. ते आकडे लक्षात राहावेत म्हणूनच जुळवलेत, पण वाईट नाहीत. मला घड्याळ लावून वाचणं जमत नाही. पान संपलं की मान वर, हे जमतं. पुस्तक कोपरापासून मुठीपर्यंतच्या अंतरावर धर. कुशीवर झोपून वीतभर अंतरावर धरलेला फोन नको. मंद उजेडात वाचून डोळे कायमचे बिघडत नाहीत, नुसते दमतात, हेही सांगून टाकते. माझी आई उगाच ओरडायची. पण दमलेल्या डोळ्यांनी वाचलेलं डोक्यात राहत नाही, म्हणून दिवा लाव.

निळ्या काचांबद्दल मात्र मी चिडले. कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेचा २०२३ सालचा आढावा आहे: पडद्यासमोर काम करणाऱ्यांच्या डोळ्यांचा शीण अशा काचांनी, निदान थोड्या काळात तरी, कमी होत नाही असंच दिसलं. झालं ते झालं, घातल्यास तरी अपाय नाही. पण तुझा सगळा धाक काचेभोवतीच कसा फिरतो बघ. काच कोणती, काच किती जाड, काच काढू की ठेवू. काचेमागे काय आहे याचा एकही प्रश्न तुझ्या पत्रात नाही.

माझ्याही डोक्यात तो कधी आला नव्हता. ऐक आता.

दर दोन वर्षांनी मी डोळे 'तपासायला' जात असे. म्हणजे खुर्चीत बसायचं, एक डोळा झाकायचा आणि तक्ता वाचायचा. माझा तो अभिमानाचा क्षण असायचा. शेवटची ओळ मी कधी चुकले नाही. त्या ओळीच्या खाली छापखान्याचं नाव मुंगीएवढ्या टाइपात असायचं, तेही वाचून दाखवायची. समोरचा हसायचा, नवा नंबर लिहून द्यायचा, आणि मी पुढच्या दोन वर्षांसाठी निर्धास्त. चाळिशी लागली तेव्हा तेवढा जवळचा नंबर मिळाला. डोळ्यात कुणी आत डोकावून पाहिलं नाही आणि पाहा असं मीही म्हटलं नाही.

तो तक्ता १८६२ सालचा, स्नेलन नावाच्या डच डॉक्टरचा. त्याच्या आधी अकरा वर्षं, १८५१ मध्ये, हेल्महोल्ट्झने जिवंत माणसाच्या डोळ्याचा तळ बघता येईल असं उपकरण केलं होतं. म्हणजे आत बघायची सोय तक्त्याहूनही जुनी, आणि मी बिनदिक्कत तक्त्यावर भागवत होते. तक्ता फक्त मधली नजर मोजतो. हात लांब करून अंगठा धर. अंगठ्याच्या नखाएवढा तो भाग, जरासा मोठा म्हण. प्रूफवाचनाला तेवढाच लागतो. बाकीचं सगळं आभाळ तक्त्याच्या बाहेर.

एकावन्नाव्या वर्षी एका दुपारी उजव्या डोळ्यात काहीतरी गेलं. रुमालाने तो झाकून डाव्या डोळ्याने काम पुढे ढकलत होते, कारण फर्मा, म्हणजे एकत्र छापायच्या पानांचा संच, त्याच दिवशी सोडायचा होता. ओळीच्या मधोमध नजर ठेवली की पानाची उजवी कड दिसेना. काळं काही नव्हतं. फक्त ओळी जिथे संपायला हव्यात त्याच्या आधीच विरत होत्या, पाण्यात शाई विरते तशा. उजवा डोळा उघडला, पान पूर्ण. झाकला, अर्धवट. पाच-सहा वेळा केलं. मग फर्मा पुरा केला आणि दुसऱ्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. हो, दुसऱ्या दिवशी.

त्यांनी एका पांढऱ्या घुमटासमोर हनुवटी टेकवून बसवलं. मधल्या दिव्याकडे बघायचं, आजूबाजूला ठिपका चमकला की बटण दाबायचं. मधेच बराच वेळ एकही ठिपका येईना. यंत्र बंद पडलं वाटतं, असं मी यंत्रापाशी बसलेल्या मुलीला म्हणाले. ती म्हणाली, चालू आहे मावशी.

काचबिंदू. डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेत दहा-बारा लाख तंतू असतात, ते गुपचूप मरत जातात. दुखत नाही, लाल होत नाही, शेवटची ओळ जवळजवळ शेवटपर्यंत वाचता येते, आणि एका डोळ्याची उणीव दुसरा झाकून घेतो. गेलेलं परत येत नाही. उरलेलं थेंबांनी राखायचं. नंबर? त्या दिवशीही नंबर जसाच्या तसा होता.

मी डोळ्यांकडे दुर्लक्ष केलं असं मात्र म्हणू नकोस. इतकी वर्षं नेमाने जात होते. घरातलं, छापखान्यातलं सगळं सांभाळून जात होते. रात्रभर जागून वाचल्याने हे झालं का, असं डॉक्टरांना मी तीन वेगवेगळ्या भेटींत विचारलं. वाचनाने काचबिंदू होत नाही, असं त्यांनी तिन्ही वेळा सांगितलं. तेव्हा ती जागरणं मी परत घेणार नाही. पुन्हा तशीच वाचेन. पण एक गोष्ट डॉक्टरांना विचारायची गरजच नव्हती. माझ्या वडिलांना काचबिंदू होता. त्यांच्या डोळ्यात रोज रात्री थेंब मी टाकायची, अकरा वर्षं. खालची पापणी ओढायची, एक थेंब, मग डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा दोन मिनिटं दाबून धरायचा. हे हातांना पाठ होतं आणि तरी दर दोन वर्षांनी मी तक्ता वाचून घरी येत होते. आई-वडील, भाऊ-बहिणीत असला की धोका कितीतरी वाढतो, हे मला ठाऊक नव्हतं. विचारलंही नाही. बरं, मग दुर्लक्षच म्हण.

तर तू काय करायचंस. चष्म्याचा नंबर काढायला जाऊ नकोस, डोळे दाखवायला जा. बाहुली मोठी करणारे थेंब घालून आतला पडदा कडेपर्यंत बघा म्हणावं. उणे नंबराच्या लांबट डोळ्यात तो ताणलेला असतो. डोळ्याच्या आतला दाब मोजा, मागची नस बघा. दाब साधारण १० ते २१ मध्ये असला म्हणजे सुटलो असंही नाही, त्या मापात राहूनही काहींची नस झिजते. आकड्यावर विसंबायचं नाही म्हणजे कुठल्याच आकड्यावर नाही. अक्षरं दुहेरी दिसतात हे स्वतःहून सांग, नाहीतर कुणी विचारणार नाही. जवळ बघताना दोन्ही डोळे सारखे आत वळतात की नाही हे पेन नाकाकडे आणून पाहतात. तिथे कमी असेल तर त्याचे खरे व्यायाम आहेत, तपासून, शिकवून दिलेले. ते जरूर कर. व्हिडिओतले नव्हेत. आणि कधी अचानक विजेसारखं चमकलं, काळ्या ठिपक्यांचा पाऊस पडला किंवा कडेने पडदा ओढल्यासारखं झालं तर त्याच दिवशी जायचं. त्याच दिवशी. माझ्यासारखा फर्मा पुरा करत बसू नकोस.

थेंब घालशील त्या दिवशी चार-सहा तास वाचता येणार नाही. तेवढ्यावरून कुरकुर करू नकोस, माझ्यासारख्याच माणसाला हे सांगायला लागतं.

आता ते अर्धं वाक्य. निळ्या काचांवर दीड परिच्छेद लिहून झाल्यावर तू जाता जाता लिहिलंयस, "आजोबांनाही शेवटी नीट दिसत नव्हतं म्हणतात, पण ते वयामुळे." कोण म्हणतात? वय हा रोग नाही. मोतीबिंदू असेल तर तो काढता येतो, मग का काढला नाही? की काढूनही दिसत नव्हतं? चालताना दारांच्या चौकटीला खांदे आपटायचे का? उशाशी थेंबांची बाटली असायची का? हे आजोबा आईकडचे की वडिलांकडचे, तेसुद्धा तू लिहिलेलं नाहीस, आणि मी मानलेली मावशी, मला कुठून ठाऊक असणार.

आईकडचे असतील तर तुझ्याआधी आईला घेऊन जा. ती त्यांची मुलगी आहे. नात म्हणून तुझा नंबर नंतर लागतो. (पुन्हा तो शब्द. या वेळी चालेल.) तिने गेल्या दहा वर्षांत चाळिशीखेरीज डोळ्यांसाठी काही केलं असेल असं मला वाटत नाही. ती म्हणेल, मला सगळं स्वच्छ दिसतं. तिला एक डोळा झाकून बघायला लावू नकोस, त्यावर विसंबता येत नाही. सरळ घेऊन जा.

प्रबंधाचं दुसरं प्रकरण कागदावर छापून पाठव. सोळा पॉइंटात, आणि उजवीकडे समास मोठा ठेव. ओळीखाली काळी पट्टी धरून वाचते हल्ली, त्यामुळे वेळ लागेल; पण अनुस्वार एकही सुटणार नाही.

नऊ वाजले. थेंब टाकून दोन मिनिटं डोळे मिटून बसायचंय. आजोबांचं काय ते उद्या सकाळी आईला विचारून कळव, आणि दिवसाउजेडी लिही.

तुझी
मावशी