नवी मुंबईत वीकेंडला ज्येष्ठ आणि दिव्यांगांसाठी काम करायचंय, चौकशी कुठे करू?

आधी तुमच्या जवळच्या विरंगुळा केंद्रात संध्याकाळी जा आणि तिथल्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या सेक्रेटरींना भेटा, वेबसाइटवर फॉर्म भरत बसण्यापेक्षा हे लवकर होतं. मी नेरूळच्या एका केंद्रात जाते, तिथे आजी-आजोबांना खरी गरज असते ती मोबाईलची, म्हणजे अक्षरं मोठी करून देणं, बँकेचा मेसेज खरा की फसवा ते सांगणं, आणि नोव्हेंबरमध्ये पेन्शनसाठी हयातीचा दाखला ऑनलाइन भरायला मदत, तेव्हा तर माणसं कमीच पडतात. दिव्यांग मुलांसाठी वाशीला महापालिकेचं ईटीसी, म्हणजे शिक्षण-प्रशिक्षण देणारं केंद्र आहे, तिथे प्रत्यक्ष जाऊन विचारा. अंध विद्यार्थ्यांना परीक्षेला लेखनिक लागतात, त्यासाठी कॉलेजात विचारून नाव देऊन ठेवा, पण लेखनिकाच्या शिक्षणाची अट परीक्षेप्रमाणे बदलते ती आधी बघून घ्या. फक्त एक, जेवढं नियमित जमेल तेवढंच कबूल करा, महिन्यातून एकच रविवार असला तरी चालेल, कारण आजोबा सकाळपासून तयार होऊन वाट बघत असतात आणि आपण गेलोच नाही की त्यांना फार लागतं.