लग्नापाशी न संपणारी प्रेमकथा: ‘द शेअरिंग नाइफ’ आणि आणखी दोन मालिका

गाजलेल्या मालिका वाचून झाल्या आहेत, आता प्रणय आणि अद्भुत यांचा खरा मेळ असलेल्या, पण फारशा चर्चेत नसलेल्या इंग्रजी मालिका कोणत्या वाचाव्यात, असे आपण विचारले आहे. माझे उत्तर लॉइस मॅकमास्टर बुजोल्ड यांच्या ‘द शेअरिंग नाइफ’पासून सुरू होते. बुजोल्ड प्रामुख्याने विज्ञानकथांसाठी ओळखल्या जातात आणि विज्ञानकथा व अद्भुतकथांसाठी दिला जाणारा ह्यूगो पुरस्कार सर्वोत्कृष्ट कादंबरीसाठी त्यांना चार वेळा मिळाला आहे. मात्र २००६ ते २००९ या काळात आलेल्या या चार भागांविषयी मी फार कमी लोकांना बोलताना ऐकले आहे, आणि त्याची मला मनापासून खंत वाटते.

या कथेत राजवाडे नाहीत आणि राजपुत्रही नाहीत. लेखिका मूळच्या अमेरिकेतील ओहायोच्या, आणि कथेतील नद्या, सरोवरे व शेतवाड्या त्याच मुलुखावर बेतलेल्या आहेत. फॉन ही घरातून निघून आलेली अठरा वर्षांची शेतकऱ्याची मुलगी. डॅग हा ‘लेकवॉकर’ जमातीचा, एक हात गमावलेला गस्तकरी. त्या प्रदेशात ‘मॅलिस’ नावाचे अरिष्ट जमिनीतून उगवते आणि आसपासच्या सजीवांचे प्राणतत्त्व शोषून घेते. त्याला स्वतःचे असे मरण नसते, म्हणून ते कुणीतरी द्यावे लागते. त्यासाठी लेकवॉकर आपल्या मृत माणसांच्या हाडांपासून सुरे घडवतात, आणि मरणाच्या दारात असलेला लेकवॉकर तो सुरा स्वतःच्या काळजात खुपसून आपले मरण त्यात साठवून ठेवतो. डॅगजवळच्या दोन सुऱ्यांपैकी एक त्याच्या दिवंगत पत्नीच्या हाडाचा आहे. तो सुरा अंगावर बाळगणाऱ्या माणसाच्या प्रेमात फॉन पडते, आणि जुने प्रेम पुसून टाकावे असे लेखिका कुणालाही म्हणायला लावत नाहीत.

लेकवॉकरांच्या लग्नात वधूवरांनी आपापली दोरी स्वतः विणायची, विणताना आपल्या प्राणतत्त्वाचा अंश तिच्यात गुंफायचा आणि मग ती जोडीदाराच्या हातावर बांधायची, अशी रीत आहे. जोडीदार कितीही दूर असला तरी तो जिवंत आहे की नाही, हे त्या दोरीवरून कळते. प्राणतत्त्व हाताळण्याची शक्ती लेकवॉकरांकडेच असते, त्यामुळे शेतकऱ्याच्या मुलीला हे जमणार नाही, असेच सगळे धरून चालतात. फॉन स्वतःचे रक्त काढून त्यात दोरी भिजवते, आणि त्या रक्ताच्या मागोमाग तिचे प्राणतत्त्व दोरीत उतरते. हा प्रसंग मी तीन वेळा वाचला आहे. जादूचा नियम आणि प्रेमाची कसोटी येथे एकाच दोरीत विणलेली आहेत, आणि या प्रकारच्या लेखनात मी नेमके हेच शोधत असतो.

पुढे डॅगची आई आणि भाऊ हे लग्न मोडावे म्हणून छावणीच्या पंचांपुढे जातात. जातीबाहेरच्या लग्नावरून घरात बसलेली बैठक ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ही पाने वाचताना काही समजावून सांगावे लागणार नाही. परंतु विरोधकांची भीती पोकळ नाही: शेतकऱ्यांशी सोयरीक वाढली तर लेकवॉकरांची शक्ती पिढ्यान्‌पिढ्या क्षीण होत जाईल आणि मॅलिसला अडवायला कुणी उरणार नाही. म्हणूनच केवळ प्रेम खरे आहे एवढ्याने हा प्रश्न सुटत नाही, आणि उरलेल्या दोन भागांत ही जोडी दूरवर प्रवास करत दोन समाजांमध्ये विश्वास कसा निर्माण होईल, याचा शोध घेत राहते.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी. डॅग पंचावन्न वर्षांचा आहे. लेकवॉकर दीर्घायुषी असल्याने तो तितका वयस्क वाटत नाही, हे खरे. तरीही हे अंतर मला सुरुवातीला खटकले होते आणि आपल्यालाही खटकू शकेल. कथेची चालही संथ आहे.

यापेक्षा वेगवान काही हवे असल्यास शॅरन शिन यांची ‘समारिया’ मालिका घ्यावी. तिचा पहिला भाग ‘आर्केंजल’ १९९६ मध्ये आला. त्यातील देवदूत गाऊन पाऊस मागतात आणि थांबवतातही. देवदूतांचा भावी प्रमुख गॅब्रिएल याला देवाने निवडून दिलेली वधू रेचल एका घरात गुलाम म्हणून सापडते; तिला उंचीची भीती वाटते आणि त्याच्याशी लग्न करण्याची तिला मुळीच हौस नाही. दरवर्षीच्या महागायनात ती त्याच्यासोबत गायली नाही, तर जगाचा विनाश ओढवेल अशी श्रद्धा आहे. त्यांचा देव प्रत्यक्षात कोण आहे, हे कुठेही आधी वाचू नये.

लोककथांची ओढ असेल तर ज्युलिएट मॅरिलिअर यांची ‘सेव्हनवॉटर्स’ही जरूर वाचावी. हंस झालेल्या सहा भावांना सोडवण्यासाठी एक बहीण मुकी राहून काटेरी वनस्पतीच्या धाग्यांचे सदरे विणते, ही युरोपीय कथा तिच्या पहिल्या भागात जुन्या आयर्लंडमध्ये घडते.

‘द शेअरिंग नाइफ’ घेताना मात्र ‘बिगाइलमेंट’ आणि ‘लेगसी’ हे पहिले दोन भाग एकदमच घ्यावेत. ते मुळात एकच पुस्तक म्हणून लिहिलेले होते. पहिला भाग लग्नापर्यंत येऊन थांबतो आणि दुसरा उघडतो तेव्हा त्या लग्नाला जेमतेम दोन तास झालेले असतात.